पत्र्याच्या दोन जीप

"ह्या दोन जीप तुमच्या," तात्या बोकील म्हणाले आणि त्यांनी माझ्या तळहातावर पत्र्याच्या दोन चिमुकल्या गाड्या ठेवल्या. "टेहळणीच्या आहेत. विशेष काही करायचं नाही. शत्रू दिसला की तुटून पडायचं."

"आणि मग?"

"मग मरतात. त्याला इलाज नाही. मागच्या खेपेला तर दोन्ही पहिल्याच डावात गेल्या."

"पण मग शत्रू कुठे आहे ते कसं कळतं?"

"तो आला की कळतंच की!" तात्या म्हणाले. एवढ्या बुद्धीचा माणूस आपण नोकरीला कसा ठेवला, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता.

रविवारची सकाळ होती. फलटणच्या बोकिलांच्या घरात, पुढच्या खोलीत, आम्ही दोघे जमिनीवर बसलो होतो. समोर प्लायवूडचा मोठा पट. त्यावर निळी नदी, तिच्यावर उत्तरेला एक पूल, दक्षिणेला पाण्यातून गाड्या जातील असा एक उथळ उतार, टेकड्या, बांबूचं बन, आमराई आणि मधोमध लाल कौलांचं एक गाव. ते गाव आमचं. मागच्या खोलीत अगदी असाच पट घेऊन तात्यांचे थोरले भाऊ, मेजर जनार्दन बोकील, निवृत्त, बसले होते. त्यांनी नदीपलीकडून यायचं आणि गाव घ्यायचं. आमचे मोहरे त्यांना दिसत नव्हते, त्यांचे आम्हाला दिसत नव्हते. दोघांचेही दिसत होते ते फक्त मधल्या माजघरात, तिसऱ्या पटावर, आणि त्या पटासमोर बसल्या होत्या ह्या दोन्ही भावांची मोठी बहीण, अक्का. मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. पडदा सारून त्या आळीपाळीने दोन्ही खोल्यांत येत, आपल्या हालचाली आपण त्यांच्या कानात सांगायच्या, आणि आपल्या मोहऱ्यांना काय दिसतं ते त्या आपल्या कानात सांगणार.

दुपारच्या जेवणापर्यंत गाव आमच्याकडे राहिलं तर साप्ताहिक 'डरकाळी' चालू राहणार होतं. गाव गेलं तर 'डरकाळी' बंद, आणि बोकिलांच्या छापखान्यात पुढच्या सोमवारपासून फक्त लग्नपत्रिका आणि कॅलेंडरं. 'डरकाळी'चा उपसंपादक, बातमीदार, मुद्रितशोधक आणि शेवटच्या पानावरच्या विनोदी सदराचा लेखक, एवढे सगळे जण त्या दिवशी बेकार होण्याची शक्यता होती. हे सगळे जण मीच होतो.

बोकिलांच्या घरात ही रीतच पडली होती. वडिलांनी छापखाना दोघा भावांच्या नावे सारखा ठेवला आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्याचं ऐकत नाही ही गोष्ट लक्षात ठेवायची राहून गेली. मेजर सैन्यातून परत आले ते हा खेळ घेऊनच. घरातला कुठलाही वाद कोर्टात न्यायचा नाही, पटावर न्यायचा, असं अक्कांनी ठरवून दिलं. फाटकाला हिरवा रंग की निळा, परसातला फणस कुणाचा, स्कूटर कुणी वापरायची. फाटक हिरवं होतं, फणस मेजरांचा होता आणि तात्या ऑफिसला सायकलवरून येत असत.

आता वाद 'डरकाळी'चा होता, आणि मेजरांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. तात्यांना बातमी दिसली की ती छापल्याशिवाय घास उतरत नसे. एका निवृत्त सबजज्जांना दवाखान्यात नेताना त्यांनी पाहिलं आणि त्याच आठवड्यात त्यांना श्रद्धांजली वाहिली. पुढच्या आठवड्यात सबजज्ज स्वतः ऑफिसात आले, श्रद्धांजलीतली भाषा आवडल्याचं म्हणाले आणि खुलासा मागून गेले. असे खुलासे इतक्यांदा द्यावे लागत की आमच्या कंपॉझिटरने 'दिलगीर आहोत' हे शब्द जुळवून, दोऱ्याने बांधून, खिडकीत तयारच ठेवले होते. मेजरांना क्लबात लोक विचारत, "काय मेजर, ह्या आठवड्यात कोण गेलं?"

"नियम!" माजघरातून अक्कांचा आवाज आला. शाळेची प्रार्थना म्हणावी तसे त्यांनी नियम म्हटले. झाडीत न हलता उभा असलेला मोहरा कुणाला दिसत नाही. ज्याने गोळी झाडली तो सगळ्यांना दिसतो. पाण्यात असलेल्या रणगाड्याला स्वतः मारा करता येत नाही. टेहळणीची जीप सर्वात लांबचं बघते आणि सर्वात लवकर मरते.

"ऐकलंत ना?" मी तात्यांना हळूच म्हणालो.

"पाठ आहेत मला."

अक्का पडदा सारून आत आल्या. त्यांच्या हातात चहाचे कप होते, आणि दोन्ही खोल्यांतल्या कपांत चहा अगदी सारख्या उंचीपर्यंत असे. मी म्हणालो, "अक्का, आज उकडतंय फार, नाही?"

त्यांनी एकदा ह्या पडद्याकडे, एकदा त्या पडद्याकडे पाहिलं. "मी पंच आहे," त्या म्हणाल्या.

मी माझी एक जीप पुलासमोरच्या डोंगरधारेवर झाडीत ठेवली आणि दुसरी उताराच्या वरच्या बांबूच्या बनात. अक्कांच्या कानात सांगितलं, दोघींनीही हलायचं नाही.

अक्का गेल्यावर तात्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "लपलात?"

"हो."

"आपल्या साप्ताहिकाचं नाव काय आहे, साबडे?"

"तात्या, मी नगरपालिकेच्या बातम्या कशा आणतो? समोरच्या केशकर्तनालयात तोंडावर पेपर ठेवून पडतो. कुणाला काही विचारत नाही. विचारलं की लोक सावध होतात. पडून राहिलं की सभापती शेजारच्या खुर्चीत बसून सगळं टेंडर बोलतात."

"म्हणून तुमच्या बातम्या उशिरा येतात."

"उशिरा येतात, पण त्यांच्यावर खुलासा येत नाही."

तात्या ह्यावर चहा प्याले.

पडदा सरला. अक्का निकालपत्र वाचल्यासारख्या म्हणाल्या, "पुलापलीकडे पायदळ. तोफा. बरीच धूळ."

"आला!" तात्या उठून उभेच राहिले. "दादा पुलावरून येतोय! आपले सगळे रणगाडे पुलाकडे!"

"रणगाडे दिसले का अक्का?" मी विचारलं.

"दिसलं ते सांगितलं."

"आणि उताराकडे?"

"काही नाही."

अक्का थांबल्या होत्या. मी तात्यांच्या कोपराला धरून खाली बसवलं. आमच्याकडे तीनच रणगाडे होते. पूल आणि उतार, दोन्ही राखणं शक्य नव्हतं. मेजरांना ते माहीत होतं, कारण सैन्य वाटून देणारे तेच होते.

"एक डाव थांबू या," मी म्हणालो.

"थांबून काय करायचं?"

"बघायचं."

पुढचा डाव. पुलाकडे पायदळ, तोफा, आणखी धूळ. उताराकडे काही नाही. त्याच्या पुढचा डाव. पुलाकडे तेच, उताराकडे काही नाही. तात्यांच्या कपाळावरची शीर ताडताड उडायला लागली.

"ती तुमची बांबूतली जीप करतेय काय?"

"बघतेय."

"काय बघतेय?"

"काही नाही ते."

"अहो साबडे, 'काही नाही' ही काय बघायची वस्तू आहे?"

"पुलाकडे एवढा गोंगाट चाललाय, तात्या, आणि त्यात रणगाडा एकही नाही. मेजरसाहेबांकडे सहा आहेत. सहा रणगाडे कुठेतरी उभे असणार ना? लग्नात बँड वाजतोय आणि नवरदेव दिसत नाहीये, तर तुम्ही काय समजाल?"

"पळाला."

"मागच्या दाराने येतोय," मी म्हणालो.

तात्या पटाकडे वाकून बघू लागले. मला वाटतं त्या पटाकडे त्यांनी त्याआधी कधी बघितलंच नव्हतं. फक्त त्यावर ओरडले होते.

पडदा सरला. "उतारावर एक जीप," अक्का म्हणाल्या. "पाण्यात उतरते आहे."

पुढचे काही क्षण मी जन्मात विसरणार नाही. तात्या गुडघ्यांवर आले, दोन्ही हात वर गेले, तोंड उघडलं. मी ते तोंड हाताने बंद केलं. आपल्या संपादकाचं तोंड बंद करण्याची संधी उपसंपादकाला सहसा मिळत नाही, त्यामुळे मी ती जरा रेंगाळत घेतली.

"एकटी आहे!" हात काढताच तात्या कुजबुजले, पण ती कुजबुज रस्त्यावर ऐकू गेली असावी. "समोर आहे! तुमच्या बांबूंच्या खाली! एक गोळी!"

"एक गोळी झाडली की मेजरसाहेबांना काय कळेल?"

"की आम्ही आहोत!"

"आणि कुठे आहोत."

तात्या टाचांवर मागे बसले.

"एकटी जीप पाण्यात कशाला उतरते?" मी म्हणालो. "खोली बघायला. पायदळाला पूल आहे. खोलीची काळजी कुणाला?"

तात्यांच्या ओठांची नुसतीच हालचाल झाली. "रणगाड्यांना."

"आता ती जीप नदी ओलांडून आपल्या गावामागच्या टेकडीवर येईल. तिथून तिला आपलं गाव दिसेल, आपले रणगाडे दिसतील. येऊ दे तिला. नीट बसू दे. तिला काय दिसायला हवं ते आपण ठरवू."

तात्या माझ्याकडे सरकले. मग अगदी खालच्या आवाजात, एखादा धर्मभ्रष्ट होणारा माणूस विचारेल तसं त्यांनी विचारलं, "म्हणजे... खोटं छापायचं?"

"छापायचं काहीच नाही. रणगाडे पुलाकडे निघालेले दिसू द्यायचे. त्यावरून काय छापायचं ते मेजरसाहेब ठरवतील."

आत, अक्का माजघरात वाट बघत होत्या. तात्यांनी दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबले आणि त्यांच्यावर बसले. "सांगा," ते म्हणाले. "मी बोलत नाही. मी बोललो तर गोळी सुटेल."

ती जीप आली. आमच्या पायदळाच्या अगदी नाकाखालून गेली. तात्यांचं नाक लाल झालं, पण हात मांड्यांखालीच राहिले. जीप टेकडीवर चढून बसली. मग आमचे तीनही रणगाडे गावातून निघाले, रस्त्याच्या मधोमध, पुलाच्या दिशेला, वरातीसारखे. दोन डाव ते तसेच गेले. तिसऱ्या डावात मी ते आमराईच्या मागच्या रस्त्याने दक्षिणेला वळवले, उताराकडे. आमराई दाट होती. टेकडीवरून तिच्यामागचं काही दिसणार नाही, असा माझा हिशोब होता.

त्या डावाला अक्का माजघरात नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिल्या. चष्मा पुसत असाव्यात. मग त्यांची पावलं मागच्या खोलीकडे गेली.

मेजर तोफखान्यात होते. इतकी वर्षं तोफांशेजारी उभं राहिल्याने त्यांना कमी ऐकू येई, आणि कमी ऐकू येणारी माणसं कुजबुजीलाही मोठ्याने उत्तर देतात. एरवी तात्याच ओरडत असल्यामुळे हे कधी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवशी तात्या गप्प होते. पडद्यापलीकडून मेजरांचा आवाज स्वच्छ आला, "काय म्हणालीस? टेकडीवरून काही नाही? बरं. छान."

तात्यांनी मांडीखालून एक हात काढला आणि माझ्याशी हस्तांदोलन केलं. तो हात सुन्न झाला होता.

दोन डावांनंतर अक्का आत आल्या. "उताराच्या पाण्यात रणगाडे," त्या म्हणाल्या. "सहा."

"आता?" तात्यांनी मला विचारलं.

"आता."

"मारू?"

"मारा, तात्या."

ज्या माणसाने आयुष्यभर आरडाओरडा केला, तो माणूस उठला, अक्कांच्या कानाशी गेला आणि मांजराच्या पिल्लाला बोलावं इतक्या हळू म्हणाला, "अक्का, मारा कर."

पाण्यातल्या रणगाड्यांना उलटा मारा करता येत नाही. सहाच्या सहा गेले. मागच्या खोलीत खुर्ची सरकली आणि मेजर माजघरात आले. आम्हीही गेलो. त्यांनी अक्कांच्या पटावर आमचे तीन रणगाडे पाहिले, बांबूतली माझी जीप पाहिली, पुन्हा रणगाडे पाहिले.

"हे इथे कधी आले?"

"आमराईच्या मागून," तात्या म्हणाले. त्यांना नाचायचं होतं, पण वयाचा आणि अक्कांचा मान ठेवून ते फक्त टाचांवर उड्या मारत होते.

"माझी जीप टेकडीवर होती."

"होती की! पाच डाव बसली होती. तिने चहासुद्धा मागितला नाही. आम्ही एक गोळी झाडली नाही तिच्यावर!"

"तू?" मेजर म्हणाले. "तू गोळी झाडली नाहीस?"

"मी हातांवर बसलो होतो, दादा."

मेजरांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळले. "जीप तुमच्या होत्या, साबडे?"

"हो, मेजरसाहेब."

"एकदाही लढल्या नाहीत."

"नाही."

"शाबास. लढायला निघालेली टेहळणी म्हणजे फुकट घालवलेली गाडी. हे मी ह्याला फणसापासून सांगतोय." त्यांनी तात्यांच्या पाठीवर एक जोरदार थाप मारली. "चालू ठेव तुझी डरकाळी. पण सबजज्जांना पुन्हा मारू नकोस."

जेवायला बासुंदी होती. अक्कांनी ती सगळ्यांना सारखी वाढली.

'डरकाळी' त्यानंतर बरीच वर्षं चालली. सबजज्ज पुन्हा एकदाच गेले, आणि त्या खेपेला खरोखरच गेले. बातमी लावायला तात्यांनी इतका उशीर केला की त्यांच्या मुलाने येऊन चौकशी केली. मेजर मात्र त्या रविवारनंतर कधीही खेळले नाहीत. पट त्यांनी कागदात गुंडाळून माळ्यावर टाकला. हार मनाला लागली असावी, असं आम्ही समजलो. पुढे माझी पुस्तकं आली, भाषणं आली, सत्कार आले, आणि जिथे जिथे मला बोलायला उभं केलं तिथे तिथे मी उताराची लढाई सांगितली. तरुण लेखकांना सांगितलं, गोळी आवरा, बघत राहा, शत्रूच्या हेराला जिवंत ठेवा. लोक टाळ्या वाजवत. मी ती थोडी थोडी वाढवतही गेलो. शेवटी शेवटी आमराई जवळपास जंगल झाली होती.

मेजर गेल्याच्या पुढच्या वर्षी मी फलटणला अक्कांना भेटायला गेलो. त्या नव्वदीच्या पुढे होत्या. माजघरात आरामखुर्चीत बसल्या होत्या, आणि पुढच्या खोलीतून टीव्हीचा आणि त्याच्याही वरून तात्यांचा आवाज येत होता. साप्ताहिक बंद होऊन पाच-सहा महिने झाले होते. "खोटं! साफ खोटं! अरे, विचारलंस का कुणाला!" तात्या बातम्या सांगणाऱ्या मुलीला म्हणत होते.

"सकाळी सहापासून," अक्का म्हणाल्या. "रोज."

मी हसलो. "अक्का, परवा पुण्याला एका कार्यक्रमात मी आपली लढाई सांगितली. लोकांना आमराईचा भाग फार आवडतो."

"कुठला भाग?"

"रणगाडे आमराईच्या मागून नेले आणि टेकडीवरच्या जीपला दिसलेच नाहीत, तो."

अक्कांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "दिसले की," त्या म्हणाल्या.

"काय?"

"टेकडीवरून आमराईच्या मागचा रस्ता दिसतो. पटावरची दोन घरं तर उघडीच आहेत. तीनही रणगाडे दक्षिणेला जाताना स्वच्छ दिसत होते. मी जनाला सांगितलं नाही."

पुढच्या खोलीत जाहिराती लागल्या, तेवढ्यापुरतं घर शांत झालं.

"पण अक्का, तुम्ही पंच होता!"

"होते ना."

"तुम्ही मला 'उकडतंय' एवढंही म्हणाला नव्हता!"

"ते नियमात बसत नव्हतं."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. मग म्हणालो, "साप्ताहिक बंद पडू नये म्हणून केलंत का हो? गावात एक तरी पेपर असावा म्हणून?"

"वृत्तपत्राची सेवा वगैरे मला सांगू नकोस," अक्का म्हणाल्या. "मी त्याच वर्षी रिटायर झाले होते. जन्मभर पोरींचा गोंगाट ऐकला, म्हटलं आता दुपारी दोन तास पुस्तक घेऊन पडेन. आणि जना निघाला होता शिरूचा, म्हणजे तुझ्या तात्यांचा, पेपर बंद करायला. पेपर बंद झाला असता तर शिरू कुठे बसला असता?"

जाहिराती संपल्या. "कोण विचारतंय ह्यांना!" तात्या गरजले.

अक्कांनी त्या दिशेला नुसतं बोट केलं.

"आणि मेजरसाहेबांना कधीच कळलं नाही?"

"दोन दिवसांनी कळलं. हरला ते त्याला पटेना, म्हणून माझ्या पटावर सगळे मोहरे परत मांडले. जमिनीवर आडवा झाला, टेकडीला डोळा लावला आणि आमराईकडे बघत राहिला. म्हणाला, अक्का, इथून रस्ता दिसतो. मी म्हटलं, दिसतो. म्हणाला, मग मला का नाही सांगितलंस? मी म्हटलं, शिरू दिवसभर घरात राहिला असता, तू सांभाळणार होतास?"

"मग?"

"मग उठला, गुडघे झटकले, पट कागदात गुंडाळायला घेतला." अक्का हसायला लागल्या, आवाज न करता, खांदे हलवत. "म्हणाला, दोन जीप होत्या माझ्याकडे. दोन्ही नदीवर पाठवल्या, आणि माजघरात एक ठेवायची मला सुचली नाही."